वरातीचा घोडा आणि सौद्यातील मौन

मार्गशीर्षातील पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, तापीच्या काठी सारंगखेडे येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि त्याच महिन्याच्या वद्य चतुर्दशीपासून नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. या दोन्ही ठिकाणी घोड्यांचा मोठा बाजार असतो, आणि तुळशीचे लग्न लागून गेल्यावर लग्नसराईचे दिवस नुकतेच उगवलेले असल्यामुळे त्या बाजारात हिंडणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांच्या मनात स्वतः घोड्यावर बसण्याचा विचार नसून, पुढील ज्येष्ठापर्यंत गावोगावच्या नवरदेवांना तो भाड्याने देण्याचा विचार असतो. मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या वाटेवरील आमच्या जानेफळासारख्या गावी बाराही महिने घोडा दृष्टीस पडत नाही. तो दिसतो तो वरातीतच, मखमली झूल पांघरलेला, डोक्यावर तुरा आणि भोवती विजेच्या दिव्यांची रांग घेऊन चाललेला. त्या घोड्याची खरेदी कशी होते, विकणारा तो कसा सजवतो व कसा दाखवतो, आणि दाखवताना काय दाखवीत नाही, हा विषय वरकरणी सौदागर व हेडी यांच्या घरचा वाटला तरी माझ्या मते तो साऱ्या गावाचा आहे. आणि ते मत येथे सविस्तर मांडावे अशी इच्छा आहे.

घोड्यांचे आपल्या देशातील दिवस किती झपाट्याने सरत आहेत हे पशुगणनेच्या आकड्यांवरून कळते. २०१२ च्या गणनेत देशात सव्वासहा लाखांच्या घरात घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. टांगा गेला, ओझ्याचे तट्टू गेले, फिरतीवर घोड्यावरून जाणारा सरकारी अंमलदार तर केव्हाच गेला. उरला तो शर्यतीचा, हौशी श्रीमंतांचा आणि वरातीचा घोडा. आणि यांपैकी पहिल्या दोघांची चिंता वाहण्यास पशुवैद्य, शिक्षक व चाकर हात जोडून उभे असल्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्याचे मला प्रयोजन नाही.

पूर्वीचा काळ निराळा होता, आणि त्या निराळेपणातच आजच्या प्रश्नाचे मूळ आहे. मराठी लष्करात बारगिराला घोडा सरकारातून मिळे, पण शिलेदार हा आपला घोडा व आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. घोडा हीच त्याची दौलत. घोडा मोहिमेत पडला तर चाकरी गेली, आणि घोड्याने ऐन वेळी दगा दिला तर चाकरीबरोबर प्राणही गेला. असा मनुष्य घोडा विकत घेताना त्याच्या दातांपासून खुरांपर्यंत बोट फिरवून पाहणार, त्यावर मांड टाकून दोन कोस रपेट मारणार आणि मगच इसार देणार, हे उघड आहे; कारण पारखणारा, पैसा मोजणारा आणि पाठीवर बसणारा हे तिघेही एकच. अशा बाजारात ‘घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत’ हा नियम कठोर असला तरी अन्यायाचा नव्हता. आज मात्र घोडा पारखतो तो घोडेवाला, आणि त्यावर बसतो तो जन्मात पहिल्यांदा रिकिबीत पाय घालणारा, शेला-फेटा-मुंडावळ्यांनी जखडलेला, ज्याच्या पुढ्यात पुष्कळदा एखादा पाच वर्षांचा भाचा बसवलेला असतो असा नवरदेव. सौद्याच्या वेळी तो तेथे नव्हता, घोड्याची खोड त्याला ठाऊक नाही, आणि त्याने डोळे कितीही उघडे ठेवले तरी त्याचा यत्किंचित उपयोग नाही.

आता विकाऊ घोड्याच्या तयारीकडे वळू. ती वाईट आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. किंबहुना प्रामाणिक तयारी ही एक जुनी व सुंदर विद्या आहे, आणि ती जाणणारे चाबूकस्वार व मोतद्दार आता विरळ झाले याचे मला वाईट वाटते. यात्रेच्या आधी दोन-तीन महिने हे काम सुरू होते. रोज सकाळी खरारा, म्हणजे अंगावरील मळ व मेलेले केस निघून खाली दडलेली झळाळी वर यावी. त्यानंतर हाताने किंवा गवताच्या मुठीने अंग चोळणे, ज्याने तेल न लावताही कातडीला चकाकी येते. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे, थोडी बाजरी, पुढ्यात कडबा व लसूणघास; परंतु खुराक वाढवायचा तो हळूहळू आणि मेहनतीच्या प्रमाणात. बरगड्या लवकर झाकल्या जाव्यात म्हणून एकाएकी गूळ, कणीक व धान्य यांचा मारा केला म्हणजे घोड्याला पोटशूळ तरी होतो, किंवा खुराच्या आतल्या भागाला सूज येऊन तो पुढचे पाय टेकण्यास भिऊ लागतो, आणि बाजाराच्या दिवशी धन्याला नसता पश्चात्ताप होतो. नालबंदाला बाजाराच्या आदल्या दिवशी बोलावू नये. पंधरा दिवस आधी बोलवावे, कारण नव्या नालांवर पाय सरावण्यास वेळ लागतो, आणि खिळा वेडावाकडा गेला असेल तर तेवढ्या अवधीत तो काढता येतो.

याहून महत्त्वाची तयारी मनाची, अर्थात घोड्याच्या मनाची. त्याने चारही पाय अनोळखी हातांत उचलू द्यावेत, तोंड उघडून दात पाहू द्यावेत, लगाम ढिला सोडला असता सरळ रेषेत आधी चालावे व मग दुडकीने जावे, आणि हुकूम होताच थांबून उभे राहावे, एवढे शिक्षण ज्याला दिले आहे तो घोडा गिऱ्हाइकापुढे स्वतःच स्वतःची शिफारस करतो. आगाडी-पिछाडी बांधून ठाणावर उभा केलेला घोडा कितीही देखणा दिसला तरी त्याच्या स्वभावाविषयी तो काहीही सांगत नाही. त्याला सोडून मोकळ्या, टणक जमिनीवर नेले म्हणजे तो बोलू लागतो: पुढच्या पायात दुखणे असेल तर तो पाय जमिनीस टेकताच मान वर जाते व चांगला पाय टेकताच खाली येते, आणि ही मानेची हालचाल पोराबाळांनाही एकदा दाखवली की ओळखता येते. मऊ वाळूत किंवा नुकत्याच नांगरलेल्या रानात घोडा दाखवण्याचा आग्रह धरणारा विक्रेता म्हणूनच संशयास पात्र होय.

येथून त्या विद्येची दुसरी शाखा सुरू होते. बाजारात उंचीला दाम आहे, आणि काठेवाडी-मारवाडी घोड्यांची चर्चा तर इंचांतच चालते; म्हणून पुढचे पाय किंचित उंचवट्यावर येतील असा घोडा उभा करायचा, म्हणजे खोगिराच्या पुढील जो उंचवटा मोजायचा तोच दोन बोटे वर जातो. उतार वयात डोळ्यांवर खळगे पडतात आणि भुवयांच्या जागी पांढरे केस येतात. त्यांवर कलप चढवायचा. दातांचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे साडेतीन व कडेचे साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, आणि पाचव्या वर्षी तोंड जुळते. पुढे घासणाऱ्या भागावरील काळे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, ती पंधराव्या वर्षी अर्ध्यावर व विसाव्या वर्षी टोकास पोचते. म्हाताऱ्या घोड्याच्या झिजलेल्या दातांत हत्याराने खळगे कोरून व ते डागून त्याला आठ वर्षांचा करण्याची युक्ती जगभरच्या सौदागरांना ठाऊक आहे. मात्र ती कडेची खाच बुजवणे कठीण असल्यामुळे जाणता मनुष्य पुढचे सोडून आधी तेथे पाहतो.

हे झाले वयाचे. याहून वाईट ते औषधांचे. लंगडणाऱ्या घोड्याला सकाळी वेदनाशामक टोचले की दुपारपर्यंत तो सरळ चालतो. भडकणाऱ्या घोड्याला गुंगीचे औषध दिले की तो मेंढरासारखा उभा राहतो, आणि औषध परवडत नसेल तर पहाटेपासून त्याला तीन-चार तास दामटून, थकवून आणले तरी तोच परिणाम साधतो. विक्रेता अशा वेळी हसतमुखाने म्हणतो, ‘भाऊ, लेकरू बसवा ना पाठीवर, जरा हालणार नाही’. आणि खरोखरच त्या घटकेला तो हालत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने सांगून ठरवलेल्या वेळेपेक्षा तास-दोन तास आधी जाऊन उभे राहावे, घोड्याच्या छातीवर व खोगिराच्या जागी घाम वाळल्याच्या खुणा आहेत काय ते पाहावे, आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा, न कळवता, जावे.

आणि इतके असताना बाजारातील गर्दी पाहते काय, तर अंगावरील केसांचे भोवरे! शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या लक्षणांची ही परंपरा मोठी रंजक आहे, हे मी कबूल करतो. चार पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी, देवमण असलेला भाग्याचा, अमुक जागी गोम असलेला धन्यास घातक. अबलख, कुमेत, नुकरा, मुश्की या रंगांची नावे तर उच्चारतानाच जिभेला गोडी येते. पण ज्याच्या अंगी देवमण आहे त्या घोड्याने फटाक्याच्या आवाजासरशी दोन पायांवर उभे राहावयाचे नाही, असा नियम कोणत्याही भोवऱ्याने पाळल्याचे ऐकिवात नाही. शुभ लक्षणासाठी हजारो रुपये जास्त मोजणारा मनुष्य ‘याला कधी बँडपुढे नेले आहे काय?’ एवढे विचारण्यास विसरतो, ही आमच्या पारखेची शोकांतिका आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तरी असे होऊ नये. कारण दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथात गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा येथे घरोघर पारायणात वाचली जाते. तो घोडा गजानन महाराज त्याच्या चार पायांमध्ये जाऊन निजले तेव्हा शांत झाला. ज्या घोड्याला शांत करण्यास साक्षात संतांची गरज पडली त्या जातीचा घोडा, महाराज सोबत नसताना, डीजेच्या भिंतीपुढे उभा करण्याचे धाडस भाविकाने तरी करू नये.

कायदा या बाबतीत काय म्हणतो हे पाहण्यासारखे आहे, आणि येथे वाचकांपैकी वकील मंडळींना हसू येईल. कारण १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या केल्यावर जी उदाहरणे दिली आहेत त्यांत विकाऊ घोडाच उभा आहे. एखाद्याने आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही त्याचा लिलाव केला आणि दोषाविषयी अवाक्षर काढले नाही, तर ते कपट नव्हे, असे पहिले उदाहरण सांगते. घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल तर मात्र, त्या नात्यामुळे, दोष सांगणे पित्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन; यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासमानच मानले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या तीन उदाहरणांत घोडेबाजाराचे सगळे मर्म सामावलेले आहे, आणि माळेगावास वा सारंगखेड्यास जाणाऱ्या प्रत्येक घोडेवाल्याने त्यांतले तिसरे पाठ करून जावे असे मी सुचवितो. चार साक्षीदारांसमक्ष, शक्य तर मोबाइलवर आवाज नोंदवून, त्याने एवढेच म्हणावे: ‘हा घोडा मी वरातीसाठी घेत आहे, तो भडकत नाही, चावत नाही, लाथ मारीत नाही व लंगडत नाही असे मी समजतो, तसे नसेल तर आत्ताच सांगा.’ या एका वाक्याने विक्रेत्याच्या मौनाचा रंग बदलतो. अर्थात पुढील कलम १९ चा अपवादही ध्यानी ठेवला पाहिजे: जे सत्य साधारण दक्षतेने कळण्याजोगे होते ते न पाहता घेणाऱ्याने नंतर मौनाच्या नावाने करार मोडू पाहिला, तर कायदा त्याच्या मदतीस येत नाही. म्हणजे विचारावेही लागते आणि पाहावेही लागते.

पण हा सारा न्याय दोघांमधला आहे. त्यात तिसऱ्याचे, म्हणजे पाठीवर बसणाऱ्याचे, नाव नाही. विकणारा व घेणारा हे दोघेही जाणून असतील की घोडी बँडला बिचकते, आणि त्यासाठी दहा हजार रुपये कमी करून सौदा ठरला असेल, तर त्या दोघांत कपट कोठेच झाले नाही. तरीही कायद्याने निष्कलंक असलेला तो सौदा एखाद्या वरातीत कोणाचा तरी हात-पाय मोडून मोकळा होतो. दोष लपवला जाण्याइतकेच, दोष सांगून घोडा स्वस्तात घेतला जाणे व मग तो दोष पुढच्या यजमानापासून लपवला जाणे, हे वाईट आहे. माझा मुख्य आक्षेप आहे तो येथे, आणि तो केवळ विक्रेत्यांवर नाही.

राजसत्तेने घोड्यांच्या बाजारात हात घालणे आपल्या इतिहासात नवे नाही. विजयनगरास आलेला पोर्तुगीज फेर्नाव नुनिश लिहितो की तेथील एक राजा होर्मुझचे घोडे जिवंत वा मेलेले सारखेच विकत घेई, आणि समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी व्यापाऱ्याला पूर्ण दाम मिळे. इतके उदार गिऱ्हाईक त्यानंतर कोणत्याही सौदागराला लाभले नसावे. उलट अलाउद्दीन खिलजीने दिल्लीस घोड्यांच्या प्रती ठरवून त्यांचे भाव बांधून दिले, आणि बरनीच्या वृत्तांतानुसार सर्वांत मोठा बडगा उगारला तो दलालांवर, कारण घेणारा व विकणारा या दोघांनाही झुलवत ठेवणारे तेच होते. त्याने घोड्यांना दाग देण्याची पद्धत राबवली, ती अकबराने पुन्हा चालू केली. हेतू हा की हजेरीच्या दिवशी दाखवलेला घोडा व मोहिमेत आणलेला घोडा एकच असावा. आपले मेहकर त्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, तेव्हा असे दागी घोडे या पैनगंगेच्या खोऱ्यातूनही गेले असतील. भाव बांधण्याचा तो जुलमी मार्ग आज कोणी सुचवणार नाही. परंतु ओळख व नोंद या दोन गोष्टी त्या कारभारातून घेण्याजोग्या आहेत.

माझे सांगणे असे की, यात्रा भरवणाऱ्या ग्रामपंचायतींनी व प्रशासनाने घोड्यांच्या नाचासाठी व सौंदर्यस्पर्धांसाठी जे मैदान राखून ठेवलेले असते त्याच्या एका कोपऱ्यात वरातीची परीक्षा घ्यावी. ढोल-ताशा, पितळी वाद्ये, जनरेटरची धडधड, डोळ्यांवर येणारे दिवे, दोन-चार फटाके आणि भोवती नाचणारी माणसे यांतून वीस मिनिटे घोडा नेऊन आणावा. आदल्या दिवशी एकदा व दुसऱ्या दिवशी, औषधाचा अंमल उतरल्यावर, पुन्हा एकदा. त्यातून शांतपणे गेलेल्या घोड्याच्या कातडीखाली ओळखीची चीप बसवून तसा दाखला द्यावा, आणि दाखला नसलेला घोडा वरातीस नेऊ नये असा ठराव गावोगावच्या ग्रामसभांनी करावा. जानेफळच्या ग्रामसभेने तो पहिला केला तर मला अभिमान वाटेल. त्याच दाखल्यावर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीची नोंद असावी. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, तो २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्यान्वये कळवणे बंधनकारक आहे, आणि हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याच्या तपासणीची सोय आहे. गर्दीत शेकडो माणसांच्या अंगास अंग घासत चालणाऱ्या जनावराविषयी एवढी खबरदारी घेणे हा अतिरेक खास नव्हे.

वर्तमानपत्रांनीही, आणि यात प्रस्तुत पत्र अपवाद नाही, दर मार्गशीर्षात ‘कोटीचा घोडा’ छापण्याची सवय थोडी आवरावी. कोटीची बोली लागली, मालकाने विकण्यास नकार दिला, ही बातमी वाचून कोणाचे हित होते ते कळत नाही. ज्या घोड्यावर गावातला मुलगा बसणार आहे तो लाखाच्या आत-बाहेरचा असतो आणि त्याच्याविषयी कोणी ओळही लिहीत नाही.

सौदागर यावर जे म्हणतील तेही ऐकले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे पडेल की खोड स्वतःच्या तोंडाने सांगितली तर दाम निम्म्यावर येतो, चारा-दाणा, नाल, ट्रकचे भाडे व जागेची पावती यांचा खर्च मात्र निम्म्यावर येत नाही, आणि जे घोडे परीक्षेत उतरणार नाहीत ते पोसायचे कोणी. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला माझ्याजवळ संपूर्ण उत्तरही नाही. एवढे मात्र सांगता येईल की बँडला भिणारा घोडा सर्वच कामांना निरुपयोगी नसतो. मोकळ्या माळावर रपेट करणाऱ्याला, शर्यतीच्या शौकिनाला वा पैदाशीसाठी घेणाऱ्याला तो पूर्ण किमतीचा आहे, आणि अशा गिऱ्हाइकापर्यंत तो पोचवणे हे दलालाचे खरे काम होय. राहिली वेदना दडवून घोडा विकण्याची गोष्ट. जनावराला जाणूनबुजून अपायकारक औषध देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे, पण त्यातील पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये ठरवला आहे, आणि घोड्यांच्या बाजारात आज तेवढ्यात हरभऱ्याचा एक तोबराही नीट भरत नाही. तो दंड संसदेने वाढवीपर्यंत जे काही करायचे ते यात्रेच्या मैदानावर, पावती फाडणाऱ्या टेबलाशीच करावे लागेल.